हिरडीआड

जेल रोडवर माझं दुकान, स्पीकर दुरुस्तीचं.
फाटके कागदी कोन, जळक्या कॉइल,
आणि प्रत्येकाच्या पाठीशी
बाफल्याएवढं काळं चुंबक.
तेवीस वर्षं आमची ओळख आहे.
दुकानात मी घड्याळ घालत नाही.
माझ्या स्क्रूड्रायव्हरलाही आता
सुटा स्क्रू सोडवत नाही.

शाल्मली तेरा वर्षांची. वरचा डावा सुळा
आलाच नाही.
दुधाचा पडून दीड वर्ष झालं,
रुमाल टाकून धरलेल्या जागेसारखी फट
आणि फटीवर तिचा हात.
हसताना, जांभई देताना, हजेरीला ओ देतानाही.
मी म्हणायचो, हात काढ.
प्रत्येक फोटोत म्हणायचो.

वैशंपायन डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला.
टाळूत आडवा निजलेला तो,
भिंतीकडे तोंड करून.
हिरडी उघडून त्याच्या पाठीवर त्यांनी
मसुरीएवढं चुंबक चिकटवलं,
वरून टाके. दार बंद.
दुसरं गुलाबी प्लेटमध्ये, टाळूच्या खाली.
मधे मांस.
दोघांनी एकमेकांना बघायचं नाही,
फक्त तिथं असायचं.

स्प्रिंग का नाही, मी विचारलं.
उत्तर मला माहीत होतं, तरी विचारलं.
स्प्रिंग मुक्काम जवळ आला की ढिली पडते.
चुंबकाचं उलट,
अंतर घटेल तशी त्याची घाई वाढते.
बाई म्हणाल्या, तुम्हाला बरं कळतं.
मला कळत होतं ते तेवढंच.

वर्गातल्या पोरांनी तिच्यासमोर किल्ल्या नाचवल्या,
चिकटतात का बघू.
घरी ती बोलली नाही.
आरशाच्या फळीवर टाचण्या सापडल्या तेव्हा उमगलं,
ती एकटीच गालाला लावून बघत होती.

मग तो रविवार.
पोहे खाताना प्लेट काढून तिनं कागदी रुमालात ठेवली
आणि तो रुमाल, जिरावनच्या रिकाम्या पुडीसकट,
माझ्याच हातून डब्यात गेला.
कळलं तेव्हा कचरागाडीचं गाणं
गल्लीचा कोपरा वळत होतं.
मी बारा इंची वूफरचं चुंबक नाडीला बांधलं
आणि बनियनवर धावलो.

गाडीवरचा पोरगा म्हणाला, क्या गुम गया, भिया?
दात, मी म्हणालो. दुसरं काही सुचेना.
त्यानं सुक्या कचऱ्याचं झाकण उघडलं.
ओला वेगळा, सुका वेगळा,
या शहराचे माझ्यावर उपकार आहेत.

चुंबक आत सोडलं.
बुचं आली, स्टेपलच्या पिना, एक ब्लेड,
कुणाच्या तरी पट्ट्याचं बक्कल.
शाल्मली मागे उभी, हात तोंडावर.
आणि एक कागदी बोळा
माझ्यापासून लांब सरकला.

लोखंड कधी असं पळत नाही.
चुंबकापासून पळतं
ते चुंबकच.

मी हात थांबवला.
इतकी वर्षं हे मला ठाऊक होतं,
गिऱ्हाइकांना समजावून सांगत होतो.
नाडी सोडून चुंबक हातात घेतलं,
माझीच बाजू फिरवली,
आणि बोळा उडी मारून आला.

त्या दिवसापासून मी हात काढ म्हटलं नाही.
प्लेट उकळत्या पाण्यात घालायची नाही, हे शिकलो.
बाकी काही केलं नाही.

पाचव्या महिन्यात, दुकानात,
भजनी मंडळाचा खोका उघडून बसलो होतो.
ती शाळेतून आली, दप्तर टाकलं, वाकून बघितलं
आणि किंचाळली,
बाबा, वायर उलटी जोडताय तुम्ही! अहो, उलटी!
दोन्ही हात कमरेवर.
तोंड सताड उघडं,
आणि आत, फटीच्या वरच्या अंगाला,
तांदळाच्या कणीएवढं
पांढरं काहीतरी.

वायर खरंच उलटी होती.
मी थोडा वेळ ती तशीच राहू दिली.